गावच्या रग्बी क्लबची मॅनेजरकी गळ्यात पडतेय. घ्यावी का?

डावा कोपरा (१८ मे २०२५)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथं परदेशात राहून खेळात लुडबूड करणारे बरेच जण दिसतात, म्हणून विचारतो.

मी मूळचा सांगलीचा. अकरा वर्षं झाली, वॉरविकशायरमध्ये असतो. रग्बी नावाचं गाव घरापासून गाडीनं वीस मिनिटं. हो, ज्याच्यावरून खेळाला नाव पडलं तेच. तिथल्या शाळेत १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या पोरानं फुटबॉल खेळता खेळता चेंडू उचलून धूम ठोकली आणि हा खेळ जन्मला, असं सांगतात. पुरावा कुणाकडे नाही, पुतळा मात्र आहे.

आमचा क्लब त्या गावातला नाही. दोन मैदानं, त्यातलं एक उतारावर. क्लबहाऊसचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं. आणि एक बार, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं. पुरुषांचा पहिला संघ काउंटीज ३ मध्ये आहे. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: टीव्हीवर दिसते ती प्रीमियरशिप ही पहिली पायरी. मग चॅम्पियनशिप, नॅशनल १, नॅशनल २, रीजनल १, रीजनल २, काउंटीज १, काउंटीज २ आणि मग आम्ही. वरून नववे. आमच्याकडे कुणाला दमडी मिळत नाही, उलट वर्गणी भरून मार खायचा.

तरुणपणी मी तालुक्याला कबड्डी खेळायचो. डाव्या कोपऱ्यात. त्यामुळे पोरगा अकराव्या वर्षी शाळेतून चिखलानं माखून आला आणि "बाबा, यात पकड आहे" म्हणाला, तेव्हा मला बरंच वाटलं. २०२३ पासून इथल्या हौशी खेळात टॅकल छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर करायचा नाही, असा नियम आला. क्लबातले म्हातारे खूप कुरकुरले. मी मनात म्हटलं, आता आलात मांडीपकडीवर.

तर पोरगा आता सतरा वर्षांचा आहे आणि पुढच्या सीझनला मोठ्यांच्या संघात जायचं म्हणतोय. मी सहा वर्षं बाजूच्या रेषेवर उभा आहे. यंदा झेंडा हातात दिला, म्हणून टच जज झालो. मग पाण्याच्या बाटल्या आल्या. मग जर्सींची पिशवी घरी धुवायला आली (चिखलानं मशीनचा पंप गेला, ते वेगळंच). सीझन असा झाला: बावीस सामने, नऊ जिंकले, तेरा हरलो, बारा संघांत आठवे. जानेवारीत एकदा चौदा जण घेऊन गेलो, एकदा तेरा.

सीझनअखेरच्या जेवणाला अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी पहिल्या संघाचा टीम मॅनेजर तू. तुझ्याकडे गाडी आहे आणि एक्सेल येतं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." लगेच टाळ्या झाल्या.

बायको म्हणते, शनिवार गेलाच आहे, आता गुरुवारही जाईल. तिचं खरं आहे का? नेमकं काम काय असतं? आणि पोरानं इतक्या लवकर मोठ्यांत खेळणं बरं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

स्पष्टवक्ता (१८ मे)

गोऱ्यांच्या जर्सी धुवायला सांगलीहून इतक्या लांब गेलात का? आपल्या मंडळात गणपतीला मांडव घालायला चार माणसं मिळत नाहीत. तिकडे या.

रंकाळाकाठ (१८ मे)

दादा, "विचार करून सांगतो" म्हणालात तिथंच फसलात. मी नुसतं "बघू" म्हणाले होते. तीन सीझन झाले.

मी यॉर्कशायरला असते, दवाखान्याच्या औषधविभागात नोकरी. माहेर कोल्हापूर. मुलगी क्लबात लहान मुलींच्या गटात खेळायची, मी तिच्या संघाच्या याद्या करायचे, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईच्या याद्या चुकत नाहीत. रग्बीतलं तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं. पण क्लब म्हणजे काय ते कळत होतं. बाबा शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला न्यायचे. पाटाकडील आणि शिवाजी असा सामना असला की घरात कोण कुणाच्या बाजूनं, यावर दोन दिवस अबोला. इथं चाळीस माणसं आणि सहा कुत्री असतात, पण अबोला तोच. एकच गोष्ट पचायला मला वर्ष लागलं. रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं, तेही "सर" म्हणून. कोल्हापूरच्या माणसाला पंचाला काही न बोलता ऐंशी मिनिटं उभं राहायचं म्हणजे उपासच.

आता काम. मंगळवारी सराव, गुरुवारी सराव, शनिवारी सामना, हे सगळ्यांना दिसतं. तुमचं काम बुधवार रात्रीपासून सुरू होतं. कोण येणार? आमच्याकडे स्पाँड नावाचं ॲप आहे, त्यावर हिरवी खूण करायची असते. हिरवी खूण म्हणजे "येतो" नव्हे. "शुड बी फाइन" लिहिलं की समजायचं, हा येत नाही. "गुडघा बघतो" म्हणजे सासुरवाडीला चाललाय. खरंच गुडघा दुखणारा काही लिहितच नाही, तो बारा वाजता येऊन पट्टी बांधत बसतो. मी वही ठेवते. प्रत्येकाच्या नावापुढे तो कधी काय म्हणाला आणि शेवटी काय केलं. दुसऱ्या सीझनला ती वही ॲपपेक्षा खरी निघाली.

आणि मोजायचं ते सगळ्यांना नाही. फ्रंट रो मोजायची. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना ढकलतात तेव्हा, सगळ्यात पुढे मान घालतात ते तिघे, दोन प्रॉप आणि मधला हुकर. तिथं शिकलेलाच माणूस लागतो, नाहीतर मानेला इजा होते, म्हणून नियमच कडक आहे. पंधरा जण असतील तर फ्रंट रोचे तीन. सोळा ते अठरा नेले तर चार. एकोणीस ते बावीस नेले तर पाच. म्हणजे तुमच्याकडे वीस पोरं उत्साहानं हजर आहेत आणि त्यात प्रॉप-हुकर मिळून चारच, तर दोघांना घरी पाठवायची पाळी येते. आणि सामन्यात फ्रंट रोचे संपले की स्क्रम "अनकंटेस्टेड". दोन्ही बाजू नुसत्या एकमेकांना टेकतात, ढकलायचं नाही, चेंडू टाकणाऱ्यालाच मिळतो. आमच्यासारखा संघ, ज्याला पळता येत नाही पण ढकलता येतं, तिथंच मेला. समोरच्या काही संघांचे प्रॉप आमच्या मैदानावर आले की विसाव्या मिनिटालाच कसे लंगडतात, यावर मी जास्त बोलत नाही.

माझा पहिला सीझन २०२२-२३. त्याच वर्षी खालच्या सगळ्या लीगची नव्यानं मांडणी झाली होती, प्रवास कमी व्हावा म्हणून. खरंच कमी झाला. सप्टेंबरमध्ये जमीन कोरडी, पोरं सुट्टीवरून आलेली. पाचातले चार जिंकलो. मी घरी म्हटलं, हे तर सोपं आहे. सप्टेंबर संपला आणि तीन जण युनिव्हर्सिटीला गेले, त्यातला एक आमचा फ्लाय-हाफ, म्हणजे ज्याच्या पायावर संघ चालतो तो. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागं गेली, साडेचारलाच अंधार, म्हणून सामने लवकर सुरू. सकाळपाळी करणारे दोघे गळाले. एक प्रॉप टपाल खात्यात होता, त्याला डिसेंबरचे शनिवार मिळेनात. मग डिसेंबरच्या मध्यावर ती थंडीची लाट आली. आमचे मैदान राखणारे काका सकाळी नऊला बुटाची टाच मारून बघायचे. टाच रुतली नाही की सामना रद्द. दोन शनिवार टाच रुतली नाही. तेव्हा मला बरंच वाटलं, दोन शनिवार सुटले म्हणून. चूक होती ती. रद्द झालेला सामना कुठं जात नाही, तो राखीव शनिवारी येऊन बसतो. आमचा एक सिक्स नेशन्सच्या (सहा देशांच्या रग्बी स्पर्धेच्या) दिवशी आला, जेव्हा निम्मा संघ टीव्हीसमोर असतो, आणि दुसरा एप्रिलमध्ये, जेव्हा मेंढ्या वितात. आमचा टाइटहेड, म्हणजे स्क्रममधला उजवीकडचा प्रॉप, धनगर आहे हो! म्हणजे इथला, डोंगरावर चारशे मेंढ्यांवाला. एप्रिलमध्ये तो रात्री झोपतच नाही, खेळणार कुठून.

फेब्रुवारीपर्यंत आम्ही खालून तिसरे होतो आणि शेवटचे दोन खाली जाणार होते.

मग मी गुणांचं कोष्टक नीट वाचलं. जिंकलात तर चार गुण, बरोबरी दोन. हरलात तरी सात किंवा कमी फरकानं, तर एक. आणि चार ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, पाच गुण) केलेत तर आणखी एक बोनस, जिंका नाहीतर हरा. आमची पोरं वीस गुणांनी मागे पडली की हात टाकायची. मी कॅप्टनला म्हटलं, हरताना नीट हरा रे. तो हसला. पण मार्चमध्ये एकदा पंधरानं मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन ट्राय मारून चार पूर्ण केले, फरकही सातच्या आत आणला, आणि हरून दोन गुण घेऊन आलो. बसमध्ये जिंकल्यासारखी गाणी.

शेवटच्या शनिवारी आमचे ३८ होते. खालच्या संघाचे ३३. ते जिंकले आणि बोनसही मिळाला तर त्यांचेही ३८, आणि बरोबरी झाली तर ज्यानं जास्त सामने जिंकले तो वर. त्यांचे आठ होणार, आमचे सात. आम्ही बाहेरगावी, १२-२४ असे मागे. दहा मिनिटं उरली असताना ट्राय झाली, त्यानंतरच्या किकचे वरचे दोनही मिळाले, १९-२४. फरक पाच. तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला, खालचे जिंकले, बोनससह. म्हणजे आत्ता, याच क्षणी, या पाच गुणांच्या फरकानं हरलो तर आमचे ३९ आणि वाचलो. जिंकायला गेलो आणि चेंडू हातातून सुटला, समोरच्यांनी आणखी एक ट्राय मारली, तर खाली.

वेळ संपली होती, खेळ थांबेपर्यंतच चालू होता, आणि चेंडू आमच्याकडे, आमच्याच गोलरेषेपासून वीस-बावीस मीटरवर. कॅप्टननं माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं. आमच्या स्क्रम-हाफनं चेंडू लाथ मारून सरळ मैदानाबाहेर घातला. शिट्टी. हरलो. आणि आमचे पंधराच्या पंधरा एकमेकांच्या अंगावर. जिंकलेला संघ नुसता बघत उभा! त्यांच्या कॅप्टननं मला येऊन विचारलं, "मॅडम, स्कोअर नीट कळलाय ना तुम्हाला?"

असं काम आहे. सात सामने जिंकून आम्ही राहिलो, आठ जिंकून ते गेले. त्यांच्या मॅनेजरीणबाईनंच तो मेसेज पाठवला होता, हे मला अजून टोचतं.

बाकी किरकोळ. आरएफयूच्या, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या, जीएमएस नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर प्रत्येक खेळाडूची नोंदणी, सामन्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड. ते गुरुवारीच बघत जा. मी एकदा शनिवारी एक वाजता बघितलं, नव्या पोराची बदली आधीच्या क्लबाकडून आलीच नव्हती. चाळीस मैल गाडी हाकून आला होता, त्याला बाकावर कोट घालून बसवलं. अजून तोंड चुकवते त्याचं.

आणि एक. सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात, ते तुम्हाला "करी" करायला सांगतील. पहिल्याच दिवशी नाही म्हणा. मी एकदा हो म्हणाले. साठ माणसांचा पांढरा रस्सा, माझ्या स्वयंपाकघरात.

रंकाळाकाठ (१८ मे)

@स्पष्टवक्ता: मांडवाला मी दरवर्षी असते. गेल्या वर्षी मांडवाच्या बांबूंना हात लावायला आमच्या क्लबातले दोन लॉक (स्क्रममधले दुसऱ्या रांगेतले उंच गडी) आले होते, साडेसहा फुटी. शिडी लागली नाही.

झोपवणारा डॉक्टर (१९ मे)

भूलतज्ज्ञ आहे, नॉटिंगहॅमला. रग्बी बघतो, खेळलो नाही. वरचा प्रतिसाद वाचून हसलो, पण मुलाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

सतराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात खेळता येतं, पण आपोआप नाही. पालकांची संमती, प्रशिक्षकानं केलेली तपासणी आणि वरून मंजुरी, हे कागद आधी लागतात. आणि अठरा पूर्ण होईपर्यंत फ्रंट रोमध्ये उभं करायचं नाही, कितीही दांडगा असला तरी. तेरा जण घेऊन गेलेल्या दिवशी "पाचच मिनिटं उभा राहा रे" असं म्हणणारा कुणीतरी असतोच. मॅनेजर तुम्ही असाल तर तो कुणीतरी तुम्ही नसावं, एवढंच.

दुसरं डोक्याचं. २०२३ मध्ये इथल्या सरकारनं हौशी खेळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डोक्याला मार लागून मेंदू हादरल्याचा संशय आला की बाहेर, त्या दिवशी परत नाही. पहिले चोवीस तास एकटं सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, दारू नाही. यातलं तिसरं तुमच्या क्लबहाऊसमध्ये सगळ्यात अवघड जाणार, कारण मार लागलेल्या माणसाला पहिली बिअर फुकट देण्याची प्रथा मी स्वतः पाहिली आहे. मग लक्षणं जाऊन चौदा दिवस होईपर्यंत डोक्याला मार बसू शकेल असा सराव नाही. आणि सामना एकवीस दिवसांच्या आत नाहीच, पोरगा कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. एकवीस दिवस म्हणजे तीन आठवडे. रंकाळाकाठ ताईंच्या वहीत याला वेगळा रकाना असेलच.

रंकाळाकाठ (१९ मे)

आहे. लाल शाईनं. त्यात नाव गेलं की कॅप्टनच काय, त्याची आई आली तरी खोडत नाही.

चर्चगेट फास्ट (१९ मे)

वा, रग्बीवर मराठीत धागा! आमच्या वेळी बॉम्बे जिमखान्यावर खेळायचो, पावसाळ्यात. उन्हाळ्यात मैदान असं टणक असतं की पडलं की कातडीच सोलते, म्हणून मुंबईची रग्बी जूननंतर. आझाद मैदानाला लागून असलेल्या रस्त्यावरून लोक छत्री घेऊन ऑफिसला चाललेत आणि आत तीस माणसं चिखलात लोळतायत. आई म्हणायची, म्हशी बऱ्या.

डाव्या कोपऱ्यांनी "एक बार, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं" असं लिहिलंय, त्यावरून आठवलं. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात तो कलकत्ता कप. १८७० च्या दशकात तिथं गोऱ्या लोकांनी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. रग्बीच खेळायचे, नाव फुटबॉल. सुरुवातीला बार फुकट होता म्हणे, सभासद भरपूर. फुकट बार बंद झाला आणि सभासद आटले. वर हवा मानवेना, पलटणी बदलून गेल्या. १८७८ मध्ये क्लब मोडला. बँकेत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवून चषक केला. तीन नाग म्हणजे तीन कान, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडला पाठवून दिला आणि १८७९ मध्ये पहिला सामना झाला, बरोबरीत सुटला.

तर क्लब मोडलाच तर निदान चषक तरी करा. पण आधी बारचा हिशेब कुणाकडे आहे ते बघून घ्या. मॅनेजरकीबरोबर तोही देतात गळ्यात.

स्पष्टवक्ता (२० मे)

साडेसहा फुटी लॉक असतील तर आमच्याकडेही पाठवा. सप्टेंबरच्या आधी सांगा.

डावा कोपरा (७ जून २०२५)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण निर्णय घरच्या बैठकीत व्हायचा होता.

हो म्हणालो. अर्धं. अध्यक्षांना सांगितलं, खेळाडूंची यादी, नोंदणी आणि गुरुवार माझा. जर्सी नाही, करी नाही, बारचा हिशेब नाही. ते म्हणाले, करीचं तर आम्ही विचारणारही नव्हतो. मग घरी आल्यावर बायको म्हणाली, मला विचारलंय त्यांनी, परवाच.

रंकाळाकाठ ताई, तुमचं वाचून गेल्या सीझनची सगळी कार्डं काढून बसलो. आमच्या तेरा पराभवांपैकी पाच सातच्या आतले होते, ते पाच गुण होते म्हणूनच आठवे राहिलो. नाहीतर दहावे असतो. मला वर्षभर वाटत होतं, आम्ही नऊ जिंकले म्हणून वाचलो. पोराला दाखवलं तर तो म्हणाला, "बाबा, हे आम्हाला माहीत होतं, तुम्ही झेंडा घेऊन दुसरीकडे बघत होता."

जानेवारीतले ते चौदा आणि तेराचे दोन्ही शनिवारही तपासले. एकूण पोरं कमी नव्हतीच. दुसऱ्या संघात त्या दिवशी सोळा जण खेळले. कमी होते ते प्रॉपच. दोघे आजारी, एक स्कीइंगला. सोळातले चार वर घ्यायला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगायचं कुणी हे ठरलेलं नव्हतं. ते आता माझं.

वही घेतली. लाल शाईचं पेनही. पहिल्या पानावर फ्रंट रो लिहून काढली: पाच नावं. त्यातला एक त्रेपन्न वर्षांचा आहे, एकाचं सप्टेंबरमध्ये लग्न आहे आणि एकानं मला काल "शुड बी फाइन" असा मेसेज केलाय.

म्हणजे दोन. मिडलंड्समध्ये कुणाच्या ओळखीत टाइटहेड असेल तर कळवा. शनिवार मोकळा हवा, मेंढ्या नसाव्यात.